फितूर : एका शब्दाची कुळकथा

परवां सकाळीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां माझ्या भाचीनें मला एक प्रश्न विचारला. एका खुनाच्या खटल्याची हकीकत छापून आली होती आणि तिचा मथळा होता, "मुख्य साक्षीदार फितूर." भाची म्हणाली, "मामा, हा तर साधा भाजी विकणारा माणूस. आधीं पोलिसांना त्यानें सर्व सांगितलें आणि कोर्टांत उभा राहिल्यावर 'मला आठवत नाहीं' म्हणाला. एवढ्यानें तो फितूर कसा झाला? फितूर म्हणजे गडाचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा ना?" मी तिला साक्षीपुराव्याच्या कायद्याची रीत समजावून सांगितली. ज्या पक्षानें साक्षीदार आणला त्याच पक्षावर तो उलटला, तर न्यायाधीशाच्या परवानगीनें त्याची उलटतपासणी घेतां येते, आणि अशा साक्षीदाराला मराठींत फितूर म्हणण्याचा प्रघात पडला आहे, इतकें सांगून मी मोकळा झालों. परंतु तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. भाजी विकणारा साक्षीदार आणि गडाचा किल्लेदार यांना एकाच शब्दानें बांधण्यांत भाषेची चूक झाली आहे, कीं आपणांस विसर पडलेली एखादी गोष्ट भाषेनें लक्षांत ठेविली आहे, हा विचार दिवसभर डोक्यांत घोळत राहिला. त्या विचारांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

ज्यानें आपल्यावर भरंवसा ठेविला त्याला ऐन वेळीं अंतर देणें, या क्रियेसाठीं मराठींत शब्दांचा तोटा नाहीं. 'तोंडघशीं पाडणें' यांत भरंवसा ठेवणाऱ्याची फजिती दिसते. 'केसानें गळा कापणें' यांत गोड बोलून केलेला नाश दिसतो. 'दगा' हा फारसींतून आलेला शब्द फसवणुकीवर बोट ठेवतो. 'विश्वासघात' व 'द्रोह' हे संस्कृत शब्द त्या कृत्याला पापाच्या पंक्तीला बसवितात. या साऱ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकांत कोणी तरी कांहीं तरी करतो: पाडतो, कापतो, फसवितो, घात करतो. फितूर हा शब्द मात्र या मंडळींत थोडा निराळा बसतो. माणूस दगा देतो, घात करतो, पण फितूर तो 'होतो'. दूध नासावें, सुतळी कुजावी, तसा तो फितूर होतो. शिवाय हा शब्द माणसाचें विशेषण आहे तसेंच एका घटनेचें नामही आहे. 'अमका फितूर झाला' असें आपण म्हणतों, आणि 'गडावर फितूर झाला' असेंही म्हणतों. पहिल्या वाक्यांत दोष एकाचा आहे. दुसऱ्यांत जणू कांहीं गडालाच कांहीं तरी झालें आहे. या दुहेरीपणाचें कारण शब्दाच्या कुळांत सांपडतें.

शब्द मूळचा अरबी. त्या भाषेंत फ, त, र या तीन व्यंजनांचा धातु निवणें, मंदावणें, सैल पडणें या अर्थाचा आहे. तापलेलें पाणी निवून कोमट झालें, वाऱ्याचा जोर ओसरला, चालणाऱ्याचे पाय मंदावले, म्हणजे हा धातु कामास येतो. कोमट पाण्याला अरबींत 'फातिर' म्हणतात. दोन घटनांच्या मधल्या निश्चल काळाला 'फत्रा' म्हणतात. आणि अंगाच्या किंवा मनाच्या शिथिलतेला 'फुतूर' म्हणतात. येथें द्रोहाचा वास देखील नाहीं. तलवार नाहीं, लांच नाहीं, शत्रूही नाहीं. आहे ती केवळ एक ऊब, जी हळूहळू कमी होत गेली.

फारसींत हा शब्द आला तेव्हां शिथिलतेबरोबर उणीव, बिघाड, अव्यवस्था हे अर्थही त्याला चिकटले. कारभार सैल पडला कीं बिघडतो, हा अनुभव सर्वत्र सारखाच. उर्दूंत 'नीयतीमध्यें फुतूर येणें' असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याच्या हेतूंत खोट उत्पन्न झाली असा त्याचा भाव. अरबी कोमट पाणी आणि मराठी गडाचा उघडा दरवाजा यांच्यामधली पायरी शोधावयाची तर ती मला या वाक्प्रचारांत दिसते: आधीं ऊब जाते, मग हेतु डळमळतो, आणि डळमळलेल्या हेतूला कोणी तरी गिऱ्हाईक भेटतें. हिंदींत त्याच शब्दानें दुसरी वाट धरली. तेथें बिघाड मेंदूंत शिरला, आणि आजच्या हिंदींत फितूर म्हणजे डोक्यांत शिरलेलें खूळ. एकाच शब्दाचे दोन भाऊ. एक प्रेमवेड्यांच्या घरीं राहिला, दुसरा आमच्याकडे किल्ल्यावर चाकरीस लागला.

या ठिकाणीं दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. 'फितवा' व 'फतवा' यांच्या उच्चारसाम्यामुळें ते एकच असावेत असें कित्येकांस वाटतें. फतवा म्हणजे धर्मशास्त्रज्ञानें दिलेला निर्णय. त्याचा धातु निराळा, आणि त्याचा आमच्या फितव्याशीं संबंध नाहीं. तसाच रमजानांतील 'इफ्तार' हा शब्दही निराळा. अरबींत 'त'सारखे दोन वर्ण आहेत, आणि इफ्तारांतला वर्ण दुसरा आहे. देवनागरींत ते दोन्ही एकच अक्षर होऊन बसल्यामुळें डोळ्यांची फसगत होते. मात्र 'फितना' म्हणजे बंडाळी, या तिसऱ्या अरबी शब्दाची सावली आमच्या 'फितणें' या क्रियापदावर पडली असावी, असें मला वाटतें. रुसणें यापासून रुसवा, तसा फितणें यापासून फितवा. परक्या शब्दाला मराठीनें आपले प्रत्यय लावून घरचा करून टाकल्याचें हें चांगलें उदाहरण आहे. अशा शब्दांच्या शोधासाठीं माधवराव पटवर्धन ऊर्फ माधव ज्यूलियन यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेला फारसी-मराठी कोश आजही हाताशीं ठेवण्याजोगा आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशांत दरबारांतील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग झाला. त्यांतले पुष्कळसे प्रतिशब्द कोशांतच राहिले. फितूर हा शब्द मात्र लोकांच्या जिभेवरून कोणी काढूं शकला नाहीं. ज्या गोष्टीची रोज धास्ती असते तिचें नांव बदलण्यास सवड होत नाहीं.

इतर समाजांनीं याच गोष्टीकडे कसें पाहिलें हें ताडून बघावें. इंग्रजींतील 'ट्रेटर' हा शब्द लॅटिन 'त्रादेरे' म्हणजे हातीं देणें या क्रियापदापासून आला. 'ट्रॅडिशन' म्हणजे परंपरा हा शब्दही त्याच मुळाचा. बाप मुलाच्या हातीं देतो ती परंपरा, आणि पहारेकरी शत्रूच्या हातीं देतो तो द्रोह. इ. स. ३०३ मध्यें रोमन बादशहा डायोक्लीशियन यानें ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला, तेव्हां उत्तर आफ्रिकेंत ज्या धर्माधिकाऱ्यांनीं आपले पवित्र ग्रंथ सरकारी माणसांच्या हवालीं केले त्यांना 'त्रादितोर', म्हणजे हवालीं करणारे, असें म्हणूं लागले. छळ संपल्यावर त्या शब्दावरून त्या देशांत जो तंटा माजला तो शंभर वर्षें मिटला नाहीं. लॅटिन भाषेनें हात पाहिला. कोणाच्या हातून काय गेलें, हा तिचा प्रश्न.

आपल्याकडील कौटिल्यानें मात्र हातापेक्षां मनाकडे अधिक लक्ष दिलें. शत्रूच्या माणसांना गुप्तपणें आपल्याकडे वळविण्यास अर्थशास्त्रांत 'उपजाप' असा शब्द आहे. त्याचा अक्षरार्थ कानाशीं कुजबुजणें. आमचें 'फितविणें' तें हेंच. अशा कुजबुजीला बळी पडण्याजोगे लोक कोण, याची कौटिल्यानें चार वर्गांत विभागणी केली आहे: रागावलेले, लोभी, भ्यालेले आणि मानी. प्रत्येक वर्गांत कोण कोण मोडतात याच्या त्यानें याद्या दिल्या आहेत, आणि त्या वाचतांना हें राजनीतीचें पुस्तक आहे कीं वैद्याचें निदान, असा भ्रम होतो. वचन देऊन ज्याला दिलें नाहीं तो रागावलेल्यांत. ज्याचा योग्य मान झाला नाहीं तो मानी लोकांत. शत्रूच्या राज्यांत असे लोक हेरावे आणि आपल्या राज्यांत ते उत्पन्न होऊं देऊं नयेत, हा त्याचा दुहेरी उपदेश. कौटिल्यानें अरबी शब्द कधीं ऐकला नव्हता. पण फुतूर म्हणजे काय हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

आतां आपल्या इतिहासाकडे वळूं. मराठ्यांचें राज्य हें किल्ल्यांचें राज्य होतें, आणि किल्ला बाहेरून पडण्यापेक्षां आंतून पडण्याचा धोका नेहमींच अधिक. हें ओळखून शिवाजीमहाराजांनीं जी व्यवस्था घातली तिचें वर्णन कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस लिहिलेल्या बखरींत केलें आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी. तिघांचा दर्जा सारखा. कारभार तिघांनीं मिळून करावयाचा. धान्य व सामान यांचा हिशेब कारखानिसाकडे. हे अधिकारी निरनिराळ्या जातींचे असत, म्हणजे नात्यागोत्याच्या ओढीनें सारे एक होण्याचा संभव कमी. एकाच्या मनांत आलें म्हणून गड जाऊं नये, हा सारा रोख. त्याबरोबरच लोकांना गांव तोडून देण्याऐवजीं रोख वेतन वेळेवर देण्याकडे महाराजांचा कटाक्ष होता. पुढें रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रांत किल्ल्यांवरील अधिकाऱ्यांची ठराविक वर्षांनीं बदली करावी, असा सल्ला दिलेला आहे.

या नियमांत एक विशेष आहे. त्यांत सारी माणसें दुष्ट आहेत असें धरलेलें नाहीं, आणि सारी निष्ठावंत आहेत असेंही धरलेलें नाहीं. माणसाचें मन निवतें, इतकेंच त्यांत गृहीत धरलें आहे. एकाच जागीं फार दिवस राहिलें, पगार थकला, वर कोणी विचारणारा उरला नाहीं, तर चांगल्या माणसाची देखील ऊब जाते. म्हणून ती जाणार नाहीं अशी तजवीज आधींच करून ठेवावयाची. फितूर हा शब्द अरबींत ज्या अर्थानें जन्मला, नेमक्या त्याच अर्थानें महाराजांनीं त्याचा बंदोबस्त केला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

म्हणून महाराज फितूर माणसाला मोकळा सोडीत होते असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. १६५९ मध्यें अफजलखान वाईस आला तेव्हां मावळच्या देशमुखांना विजापूरचीं फर्मानें गेलीं. कान्होजी जेध्यांनीं आपलें फर्मान महाराजांपुढें ठेवून वतनावर पाणी सोडलें, अशी जेध्यांच्या घराण्याची हकीकत आहे. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. प्रतापगडाच्या प्रसंगानंतर खोपड्यांसाठीं कान्होजींनीं रदबदली केली. जीव वांचला, पण महाराजांनीं त्यांचा एक हात व एक पाय तोडविला. दोघेही देशमुख, दोघांपुढें धाकही तोच होता आणि वतनाचा मोहही तोच. एक टिकला, दुसरा टिकला नाहीं. तेव्हां व्यवस्थेवर सारा भार घालून माणसाला निर्दोष ठरवितां येत नाहीं, हें या जोडीनें कायमचें दाखवून दिलें आहे.

परंतु उलट बाजूची चूक आपल्या हातून अधिक वेळां होते, आणि तिचें सर्वांस परिचित उदाहरण म्हणजे रायगड. इ. स. १६८९ च्या मार्च महिन्यांत संभाजीमहाराजांचा वध झाला. थोड्याच दिवसांत इतिकादखानानें रायगडास वेढा घातला. राजाराममहाराज गडावरून निसटून पुढें जिंजीकडे गेले, आणि नोव्हेंबरांत गड मोंगलांच्या हातीं पडला. येसूबाई व सात वर्षांचे शाहू कैदेंत गेले. या साऱ्या आपत्तीचें आपल्या लोकांनीं एका नांवांत गांठोडें बांधलें आहे: सूर्याजी पिसाळ. वाईच्या देशमुखीच्या आशेनें त्यानें गड दिला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तिच्यांत खरें किती, यावर इतिहाससंशोधकांचें एकमत नाहीं, आणि तो वाद येथें सोडविण्याचा माझा अधिकारही नाहीं. परंतु क्षणभर तें सारें खरें धरलें तरी प्रश्न उरतोच. राजा मारला गेलेला, दुसरा दूर दक्षिणेंत निघून गेलेला, बाहेरून कुमक येण्याची आशा नाहीं, आणि वेढा आठ महिने चाललेला. अशा गडाची ऊब कोणी घालविली? ती एका पिसाळानें घालविली असें म्हणणें सोयीचें आहे, कारण त्यामुळें बाकीच्या साऱ्यांची सुटका होते. लहान मुलांच्या भांडणांत सुद्धां आपण पिसाळाचें नांव शिवीसारखें घेतों. पण त्या वर्षीं मराठ्यांच्या राज्याची घडी कोठें कोठें सैल पडली होती, हा प्रश्न क्वचितच विचारतों.

तो प्रश्न त्या काळच्या मुत्सद्द्यांनीं मात्र विचारला होता. जिंजीच्या काळांत देशमुखांना आपल्या बाजूस ठेवण्यासाठीं दोन्ही पक्ष वतनांच्या सनदा वांटीत होते; इकडून वतन मिळेना तर तिकडे जावें, अशी वाहती स्थिति होती. आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जी कडवट चिकित्सा आहे ती याच अनुभवांतून आली. वतनदार हे राज्यांतले लहान लहान वांटेकरीच आहेत, त्यांना सांभाळावें पण मोकळें सोडूं नये, असा तिचा सारांश. अमात्यानें कोणा एकाचें नांव घेऊन शिव्या दिल्या नाहींत. त्यानें रोग ओळखला.

पुढच्या दहापंधरा वर्षांत तर फितूर या शब्दाचा काटा कोणत्या बाजूस झुकवावा हेंच कळेनासें होतें. इ. स. १६९९ पासून औरंगजेब स्वतः एकेका किल्ल्यापुढें जाऊन बसला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे किल्ले त्याच्या हातीं आले, पण ते बहुतेक पैसा देऊन आले. मराठे किल्लेदार शक्य तितके दिवस किल्ला झुंजवीत, बादशहाची फौज व खजिना झिजवीत, आणि मग चांगली रक्कम घेऊन खालीं उतरत. पुढें त्यांतले अनेक किल्ले ताराबाईंच्या अमदानींत मराठ्यांनीं परत घेतले. मार्च १७०४ मध्यें घेतलेला तोरणा तेवढा लांच न देतां निव्वळ शस्त्राच्या बळावर मिळाला, असें जदुनाथ सरकार सांगतात. बादशहानें त्याचें नांव 'फुतूह-उल्-गैब', म्हणजे दैवी विजय, असें ठेविलें. फुतूह आणि फुतूर यांत एका अक्षराचाच काय तो फरक; फुतुरावांचून मिळालेल्या एकमेव किल्ल्याला फुतूह हें नांव मिळावें, हा योगायोग गमतीचा खरा. आतां विशाळगड किंवा सिंहगड देऊन पैसे घेणारा फितूर होता, कीं धन्याचें काम चोख बजावणारा चाकर होता? ज्याची निष्ठा जागी होती त्याचा किल्ला गेला तरी तो फितूर नव्हता, असेंच म्हणावें लागेल. किल्ल्याची किल्ली कोणाच्या हातीं गेली यावरून लॅटिन भाषा निर्णय देईल. आमचा शब्द मनाची ऊब पाहिल्याशिवाय निर्णय देत नाहीं.

ऊब टिकल्याचें उदाहरण द्यावयाचें तर मी पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी निवडीन. तो पूर्वीं निजामाच्या चाकरींत होता, म्हणजे मराठ्यांशीं त्याचें नातें जुनें नव्हे, पगाराचें. आपल्या गारद्यांचा पगार दरमहा मिळावा म्हणून तो इतका आग्रह धरी कीं सदाशिवरावभाऊंस त्याचा राग येई. काशीराज पंडित या लेखकानें, जो स्वतः शुजाउद्दौल्याच्या पदरीं म्हणजे विरुद्ध छावणींत होता, एक हकीकत नमूद केली आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं इब्राहिमखान भाऊंकडे गेला आणि त्याच पगाराचा विषय त्यानें स्वतः काढला. या महिन्यांत तो मुळींच मिळालेला नाहीं, तरी इतके दिवस घेतलेलें वेतन फुकट गेलें नाहीं हें आज दिसेल, अशा अर्थाचें तो बोलला. पलीकडच्या छावणींत ऐकलेलें बोलणें शब्दशः खरें मानण्याचें कारण नाहीं. पण त्या दिवशीं गारदी कसे लढले याविषयीं शत्रूच्या लोकांनाही शंका नव्हती. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला व मारला गेला. पगाराचा हट्ट धरणारा माणूस उद्यां विकला जाईल, असें आपणांस सहज वाटतें. येथें उलट झालें. ज्यानें नियमित वेतन मागितलें तोच वेतन नसतांना उभा राहिला, कारण तोंवरचा व्यवहार पाळला गेला होता. कौल पाळला गेला कीं ऊब राहते.

या शब्दाची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय कुळकथा पुरी होणार नाहीं. दक्षिणेंत तो कानडींत 'पितूरी' होऊन कारस्थानाच्या अर्थानें राहिला आहे. तेलुगूंत 'पितूरी' म्हणजे बंड, आणि चहाडी किंवा तक्रार हाही त्याचा अर्थ आहे. गोदावरीच्या उत्तरेस रंपा व गुडेम या डोंगराळ मुलुखांत इंग्रजी अमलांत वारंवार उठावण्या झाल्या; मद्रास सरकारच्या दप्तरांत त्यांना 'फितुरी' हेंच नांव आहे. इ. स. १८७९ च्या रंपा फितुरीच्या मुळाशीं ताडीवरील कर व जमीनदाराची जुलूमजबरदस्ती हीं कारणें होतीं. इ. स. १९२२ मध्यें अल्लुरी सीताराम राजू यांनीं जी उठावणी केली ती १९२४ च्या मे महिन्यांत ते मारले जाईपर्यंत चालली, आणि तीही सरकारी कागदांत फितुरीच. ज्यांच्या जंगलावर व ताडीवर सरकारनें हात टाकला त्या डोंगरी लोकांनीं सरकारशीं निष्ठेचा करार केव्हां केला होता? जेथें ऊब कधीं नव्हतीच तेथें ती निवली म्हणून दोष कसा देतां येईल? यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. फितूर हा शब्द नेहमीं सोडून दिलेल्या पक्षाच्या तोंडीं असतो. स्वतःला फितूर म्हणविणारा मनुष्य इतिहासांत मिळावयाचा नाहीं. आपल्याकडे आला तो शहाणा आणि आपल्याकडून गेला तो फितूर, असा जगाचा न्याय आहे. म्हणून हा शब्द कानावर पडला कीं तो कोण उच्चारीत आहे हें आधीं पाहावें.

शेवटीं पुनः त्या भाजी विकणाऱ्या साक्षीदाराकडे येतों. इंग्रजींत त्याला 'होस्टाइल' म्हणजे शत्रुवत् म्हणतात, जरी १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यांतील मूळ कलमांत हा शब्द नव्हता. मराठीनें त्याला फितूर म्हटलें, आणि माझ्या मतें मराठीनें अधिक जवळचा शब्द निवडला. तो साक्षीदार बहुधा कोणाचा शत्रु नसतो. पोलिसांपुढें बोलतांना त्याच्या मनांत जी ऊब होती ती तारखा पडत गेल्या तशी कमी होत गेली. दर तारखेला दुकान बंद ठेवावें लागलें, आरोपीचीं माणसें रस्त्यांत उभीं राहूं लागलीं, कोणी तरी कानाशीं कुजबुजला. कौटिल्याच्या याद्यांत तो भ्यालेल्यांत पडेल, क्वचित् लोभ्यांत. ही शिथिलता येऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार आपल्या न्यायसंस्थेनें अगदीं अलीकडे नेटानें सुरू केला आहे. डिसेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार-संरक्षणाची योजना साऱ्या देशास लागू केली, आणि २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनें प्रत्येक राज्यानें अशी योजना आंखून जाहीर केली पाहिजे असें ठरविलें. साक्षीदाराचा पत्ता गुप्त ठेवणें, त्याला पहारा देणें, आरोपीशीं त्याची समोरासमोर गांठ पडूं न देणें, अशा तरतुदी या योजनेंत आहेत. तीन अधिकारी, रोख वेतन, ठराविक बदली, या जुन्या गडावरील नियमांच्या जातीच्याच या तरतुदी आहेत.

हें सारें मी भाचीस सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग ज्याचा खून झाला त्याच्या आईनें त्या भाजीवाल्यावर रागवावयाचें नाहीं का?" मी म्हटलें, तिनें अवश्य रागवावें, तिचा भरंवसा त्याच्यावर होता आणि तो बुडाला. खोपड्यांना महाराजांनींही क्षमा केली नाहीं. पण आपण, जे घरीं बसून मथळा वाचतों, त्यांनीं मथळ्यांतलें नांव वाचून थांबूं नये. खटला किती वर्षें पडून होता, त्या माणसाला कोणी आधार दिला, तारखेच्या दिवशीं त्याच्याबरोबर कोणी होतें काय, हेंही बातमींत शोधावें. भाचीनें तें वर्तमानपत्र पुनः उघडून पाहिलें. खून होऊन नऊ वर्षें झालीं होतीं, एवढें त्यांत होतें. बाकी कांहीं छापलेलें नव्हतें.